गोकुळने मानाच्या पानावरून उठण्याबाबत

माणसाला समाजात सामावून घेण्याचे दोनच मार्ग आहेत : एक, त्याला जागा करून देणे आणि दोन, त्याचा सत्कार करणे. पहिल्यात आपल्याला थोडं सरकावं लागतं. म्हणून सुसंस्कृत समाज दुसरा मार्ग धरतो.

आमची सद्भाव विहार कॉलनी (बीड बायपासवरून आत, पाण्याच्या टाकीला वळसा घातला की उजवीकडे) या बाबतीत शहरात बरीच पुढे आहे. आमच्याकडे बारा नंबरात सत्यभामाबाई आणि त्यांचा मुलगा गोकुळ राहतात. गोकुळ एकतीस वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, असं सरकारी प्रमाणपत्र म्हणतं. तो देवमाणूस आहे, असं कॉलनी म्हणते. (देवमाणूस ठरवलं की मखरात बसवता येतं आणि विचारावं काही लागत नाही.) प्रत्यक्षात तो कॅरममध्ये राणी खिशात लपवतो, पकडला गेला की बोर्ड उलटा करतो, आणि हसायला लागला की चार घरं ऐकू जातं. पण या बाबी सत्काराच्या निवेदनात बसत नसल्याने वगळल्या जातात.

हा सत्कार दर हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला होतो. हिमरू शाल, नारळ आणि अध्यक्ष बद्रीनाथराव म्हस्के यांचं भाषण. चैत्रातल्या भर उन्हात शाल किती उबदार असते, हे पांघरल्याशिवाय कळत नाही. गोकुळला ते कळतं. शालींचा एवढा साठा झाला आहे की सत्यभामाबाईंनी कूलर, शिलाई मशीन आणि लोणच्याच्या बरण्या यांनाही सत्कारमूर्ती करून टाकलं आहे.

सत्कारानंतर गोकुळला पहिल्या पंगतीत, मानाच्या पानावर, नगरसेवकांच्या शेजारी बसवतात. वाचकांना ठाऊकच आहे की पंगतीची प्रतिष्ठा पुढून मागे उतरत जाते. सगळ्यात शेवटी बसते ती वाढप्यांची पंगत. तिला बुंदीचा चुरा मिळतो, बट्ट्या गार झालेल्या असतात, वांग्याच्या भाजीत वांगं शोधावं लागतं. तिथे कुणी कुणाला अहोजाहो करत नाही. एकमेकांच्या पानातलं ओढतात, दिवसभराच्या चुका उगाळतात, हसून हसून ठसका लागतो.

गोकुळला त्या पंगतीत बसायचं होतं. त्यासाठी आधी वाढावं लागतं, म्हणून त्याला वाढायचं होतं. वर्षानुवर्षं तो हेच सांगत होता.

"मला वाढायचंय. मग शेवटी बसायचंय. आक्यासंगं."

(आक्या म्हणजे आकाश, वाढप्यांचा म्होरक्या.)

"अरे, तू पाहुणा आमचा," बद्रीनाथराव प्रेमाने म्हणाले.

"मी पाहुणा नाय. मी बारा नंबरात राहतो."

या मुद्द्याचा प्रतिवाद करणं शक्य नसल्याने समिती नेमण्यात आली. समितीने तीन बैठका घेतल्या. गोकुळला बोलावलं नव्हतं. विषय त्याच्याबद्दलचा होता, त्याला अवघडल्यासारखं झालं असतं. सांडलवंड होईल, हा आक्षेप पहिला आला. मागच्या भंडाऱ्यात सांडलेल्या वरणापैकी शंभर टक्के वरण बिनप्रमाणपत्राच्या स्वयंसेवकांनी सांडलं होतं, ही आकडेवारी कुणीतरी पुढे केली. परंतु ते अनुभवी लोकांचं सांडणं असल्याने तुलना अयोग्य ठरली. सत्यभामाबाईंनी दोन हजार सोळाच्या दिव्यांग हक्क कायद्याची आठवण करून दिली : "बरोबरीनं वागवा म्हणलंय त्यात." समितीने नम्रपणे कळवलं की आपण गोकुळला बरोबरीच्याही वर बसवतो, तिथून खाली आणणं कायद्याच्या भावनेविरुद्ध होईल.

सत्यभामाबाई घरी परतल्या. अंगणात कुरडया घालता घालता आपल्याशीच म्हणाल्या :

मानाचं पान माझ्या लेकाला वाढिलं,
मन त्याचं बाई, बादलीत सांडिलं.

(हे निवेदन ओवीत असल्यामुळे इतिवृत्तात घेता आलं नाही.)

अखेर सुवर्णमध्य निघाला : प्रतीकात्मक वाढप. गोकुळने बादली आणि वगराळं घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभं राहायचं, फोटो निघाला की पानावर येऊन बसायचं. सुरक्षिततेसाठी बादली रिकामी आणि धुतलेली असेल. शिवाय आदल्या आठवड्यात कॉलनीसाठी जाणीव-जागृतीचं व्याख्यान ठेवलं. वक्त्यांनी बजावलं की अशा व्यक्तींशी कधीही नकारात्मक बोलू नये. थांब, नको, पुरे, बस हे शब्द टाळावेत. आम्ही सगळ्यांनी ते टिपून घेतलं. (गोकुळ व्याख्यानाला नव्हता, विषय त्याला जड गेला असता.)

भंडाऱ्याच्या दिवशी फोटो उत्तम निघाला. मग गोकुळने बादलीत डोकावून पाहिलं.

"यात वरण नाय."

"फोटोपुरतीच आहे ती," बद्रीनाथराव म्हणाले. "ये, बस पानावर."

गोकुळने शाल काढून त्यांच्या हातात दिली आणि तो बादली घेऊन थेट भट्टीकडे चालू लागला. तिथला आचारी चितेगावचा. त्याला ठराव माहीत नव्हता.

"आरं, हुबा काय ऱ्हातो बोळवणीला आल्यावानी? घे भरून! पयली लाईन कोरडी पडली तिकडं!"

गोकुळकडे त्या सुरात आजवर कुणी काम सोपवलं नव्हतं. तो बादली भरून पळतच आला. आकाशने एकदा समितीकडे पाहिलं, एकदा गोकुळकडे, आणि ओरडला, "हळू बे! बस म्हणेपर्यंत वाढायचं, म्हणलं की पुढं सरकायचं. कळलं का?"

"कळतंय मला," गोकुळ म्हणाला.

पहिलं पान बद्रीनाथरावांचं; शाल बाजूला ठेवून ते तोवर पंगतीत बसले होते. गोकुळने कुस्करलेल्या बट्टीवर वगराळं ओतलं. बद्रीनाथराव हसले. दुसरं ओतलं. बद्रीनाथराव आणखी गोड हसले. तिसऱ्याला बट्टी बुडाली, चौथ्याला वांगं तरंगलं, पाचव्याला वरणाने पत्रावळीचा काठ ओलांडला आणि ते सतरंजीवरून त्यांच्या मांडीकडे निघालं.

"बस म्हणा की!" गोकुळ म्हणाला.

"नाही नाही, गोकुळ. छान वाढतोस. तुझी इच्छा."

नगरसेवकांनी तर टाळ्या वाजवल्या. त्यांनाही पाच वगराळी मिळाली. पुढची दोन पानंही हसत हसत बुडाली. अख्खी रांग व्याख्यान स्मरून बसली होती. गोकुळचा चेहरा रडवेला होऊ लागला. इतक्या वर्षांनी वाढायला मिळालं होतं आणि कुणी पुढे सरकूच देत नव्हतं. बादलीही तळाला आली होती.

पाचव्या पानावर भागूबाई होत्या, बद्रीनाथरावांच्या सासूबाई. त्या सकाळीच बिडकीनहून आलेल्या, त्यामुळे त्यांचं व्याख्यान हुकलं होतं. दुसरं वगराळं येताच त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"बास रं मेल्या! बुडिवतो का मला? डोळे हायेत का बटनं?"

गोकुळ थांबला. आणि असा हसला की चार घरं नव्हे, पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेलं.

"बटनं नाय, डोळे हायेत, आज्जे!" म्हणून तो पुढच्या पानाकडे सरकला. पुढच्या माणसाने घाबरत का होईना, भागूबाईंचं पाहून, "बस" म्हटलं. मग त्याच्या पुढच्याने. रांग चालू लागली.

ऊन कलल्यावर वाढप्यांची पंगत बसली. गोकुळ आकाशच्या मांडीला मांडी लावून बसला. आकाश म्हणाला, "चार जणांला आंघोळ घातली रे गोक्या तू. साबण इसरला फक्त." गोकुळने त्याच्या पानातला बुंदीचा शेवटचा चुरा उचलून तोंडात टाकला. आकाशने त्याच्या पाठीत धपाटा घातला. समितीने हा प्रकार लांबून पाहिला. कुठल्या नियमात बसवावा, हे अद्याप ठरलेलं नाही.

असो. येत्या भंडाऱ्याला वाचकांनीही अगत्याने यावं. पहिल्या रांगेत गोकुळच वाढेल, तसं त्याने सांगून ठेवलं आहे. आपण हे वाचताना जागोजागी मान डोलावलीत, किती गोड आहे हो, असं मनात म्हणालात, ते आम्हाला इथून दिसलं. त्यावरून एकच नम्र सूचना करावीशी वाटते : येताना जुने कपडे घालून या.