मिस्त्रीबाबांचं राखेचं घर

आमच्या शेजारच्या मिस्त्रीबाबांच्या अंगणात भिंतीतून चाललं की ओरडा बसतो. भिंत म्हणजे चुलीच्या राखेची रेघ. आमच्या जानेफळ गावातली कितीतरी घरं त्यांनी बांधली. आता हात थरथरतात, म्हणून ते रोज दुपारी गल्लीतल्या पोरांना घेऊन अंगणात राखेनं पूर्ण मापाचं घर आखतात. मग पोरं त्यात संसार करतात.

एकदा पोलीस पाटील लग्नाची पत्रिका द्यायला आले, ते सरळ रेघ ओलांडून.

"पाटील, भिंतीतून काऊन येऊन राह्यले? दार तिकडं हाय!"

पाटील मुकाट्यानं मागे फिरले, हवेतच कडी वाजवली आणि दारातून आत आले. मला इतका धक्का बसला की हसायचंही सुचलं नाही.

कोणती खोली केवढी, हे पोरांनीच ठरवायचं. "हे तुमच्या बापाचं घर नोहे, तुमचं हाय," असं बाबा बजावतात. पोरी बैठक खाटेएवढी काढतात आणि स्वयंपाकघर अंगणभर. माझ्या लेकीनं, पिंकीनं तर चुलीशेजारी झोका आखला. मुलगे डोक्यावर टॉवेल घेऊन सुना होतात. माझ्या सासूबाई म्हणतात, "म्हाताऱ्याले याड लागलं."

याड नाही. बाबांची एकुलती लेक वंदी अकरा वर्षांत माहेरी आलेली नाही. शाळेत असताना ती आपल्या खोलीच्या खिडकीत उभी राहते म्हणून बाबांनी एका दिवसात ती खिडकी विटांनी बुजवून टाकली होती. लग्न होऊन गेली ती गेलीच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. बाबा एसटीच्या थांब्यावर जाऊन बसतात आणि एकटेच परत येतात.

यंदा आखाजीच्या तोंडावर पोरांनी लेक माहेरी आल्याचा खेळ मांडला. पिंकी लेक, बाबा बाप. ती राखेच्या दारातच अडली.

"ये ना माय आत."

"नाई येत. घराले खिडकी कुठी हाय?"

पोरीला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी खिडकी आखायचीच राहिली होती, एवढंच. पण बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते घरात गेले आणि आतून घाव ऐकू आले. मी धावत गेले. वंदीच्या खोलीतली भिंत ते छन्नी-हातोड्यानं फोडत होते.

"बाबा, घर पडंल!"

"पडू दे. म्याच बांधलं ना!"

तासाभरानं त्या खोलीत ऊन आलं. बाबा खाली बसले, म्हणाले, "तुह्या फोनवरून वंदीले सांग. मले नाई बोलता येत."

मी फोन लावला, सगळं सांगितलं. मग वंदीनं विचारलं, "हाताले लागलं का त्यायच्या?"

मी फोन बाबांच्या कानाला धरला आणि तिचा प्रश्न सांगितला.

"नाई वं, कुठी लागलं," बाबा म्हणाले, आणि रक्ताळलेला हात त्यांनी पाठीमागे लपवला.