सुधारलेल्या ओढ्यातले बेचाळीस मासे

एका जंगलात, मुलांनो, एक ओढा होता. त्याचं काहीही बिघडलेलं नव्हतं. म्हणून त्याची सुधारणा करायचं ठरलं.

काम रानडुक्कररावांना मिळालं. उकरण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांनी नाकानं सगळा तळ उकरला. वेडेवाकडे दगड काढून काठावर ओळीनं रचले. वळणं सरळ केली. ओढा तेल लावून भांग पाडलेल्या पोरासारखा केविलवाणा दिसू लागला.

आता सुधारणा झाली म्हणजे तिचा परिणाम मोजायला नको का? थोरामोठ्यांना असल्या कामाला सवड नसते. म्हणून विद्यार्थ्यांकडून इंटर्नशिपचे अर्ज मागवले. काम बिनपगारी, तेही चिखलात. एकटी वेणू ढोकरी आली.

ढोकरी म्हणजे बगळ्यांची मातकट रंगाची गरीब नातलग. वेणूला राजतळ्यावर उभं राहायची कायमची जागा हवी होती. सर्टिफिकेटशिवाय तिथे एक पायसुद्धा टेकू देत नसत.

मार्गदर्शक होते साळिंदर सर. त्यांनी पाठीवरचा एक काटा उपटून वेणूच्या हाती लेखणी म्हणून दिला आणि तक्ता समजावला. तक्त्यात तीन रकाने होते : किंचित वाढ, समाधानकारक वाढ, भरघोस वाढ.

"आणि सर, घट झाली असेल तर?"

"सुधारणेनंतर घट कशी होईल, बाळ?" सर मायेनं म्हणाले. "आणि एक लक्षात ठेव. मोजलेला मासा खायचा नाही. तो आता मासा राहिला नाही, माहिती झाला."

वेणू रोज सकाळी उपाशीपोटी ओढ्यावरच्या सात ठिकाणी उभी राहायची. प्रत्येक ठिकाणी एक मासा दिसायचा. ती लिहून घ्यायची. सहा दिवसांत बेचाळीस झाले. पोरगी खूश होती.

पण सहाव्या दिवशी, सातव्या ठिकाणी, मासा जरा हळू आला. त्याची शेपटी एका बाजूला फाटलेली होती. पहिल्या ठिकाणच्या माशाचीही तशीच होती. वेणूला आठवलं, सगळ्यांचीच तशी होती.

"काका, काल तुम्हीच होतात?"

"परवाही मीच," मासा धापा टाकत म्हणाला. "ताई, इतक्या लांब लांब उभ्या राहू नका हो. वयाच्या मानानं फार पोहणं होतं."

"मग बाकीचे मासे?"

"आम्ही दोनशे होतो. दगडांखाली राहायचो. दगड गेल्यावर बाकीचे टेकडीपलीकडच्या ओहळात गेले. माझ्यानं एवढं होईना. एक दगड काढायचा राहिलाय, त्याच्याखाली पडून असतो."

"पण मला खरं लिहायला हवं," वेणू म्हणाली. तिला रडू येत होतं.

"लिहा की. मग म्हणतील, वाढ झाली नाही, दुसरा टप्पा सुरू करा. रानडुक्करराव पुन्हा येतील, आणि तो दगडही जाईल."

वेणूला फार भूक लागली होती. तरी तिनं त्याला खाल्लं नाही. तक्त्यात 'बेचाळीस' लिहिलं आणि 'भरघोस'समोर खूण केली.

समारंभ काठावरच झाला. रानडुक्कररावांना हार घातला. सिंहमहाराजांनी वेणूच्या चोचीत सर्टिफिकेट दिलं. खाली पाणी वाहत होतं, म्हणून तिनं चोच घट्ट मिटली.

"बेचाळीस!" महाराज गहिवरले. "एका ओढ्यानं हे सुख का भोगावं? उद्यापासून टेकडीपलीकडचा ओहळही असाच सुधारा. कुणाला काही सांगायचंय?"

सांगायला चोच उघडावी लागली असती. वेणूनं एकदा टेकडीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. चोच तिनं मिटलेलीच ठेवली.

टाळ्या झाल्या. ओढ्यात एका दगडाखालून कुणीतरी डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेतलं.

आज वेणू राजतळ्यावर कायम आहे. एका पायावर उभी असते. फारसं बोलत नाही.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त त्याआधी सर्टिफिकेट ठेवायला कोरडी जागा बघावी. ती सापडेपर्यंत एखाददुसरा ओहळ सुधारला, तर मनाला लावून घेऊ नये.