उणे दोन आणि बाबांची शेगडी

पुण्यात घेतलेले तीन स्वेटर गेली नऊ वर्षं आमच्या दार्सैतच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून होते. मस्कतमध्ये स्वेटर घालणार कधी? तर एका शुक्रवारी बाबांनी ठरवलं, घालायचेच. त्यासाठी थंडी हवी. म्हणून जबल शम्सच्या डोंगरावर, मराठी मंडळाकडून मागून आणलेल्या तंबूत मुक्काम.

"बाबा, हवामान खात्याचा इशारा आलाय. वर वादळी वारा, पारा उणे दोनवर. मुक्काम करू नका म्हणतायत."

"ओमानमध्ये कसली आलीय थंडी? आम्ही कोकणात अंगणात झोपायचो."

(कोकणात अंगणातलं पाणी कधी गोठलं होतं, हे विचारायचं राहिलं.)

"आणि हे मला कोण सांगतंय? सेकंड इयर अर्धवट टाकून आलेले विद्वान!"

इंजिनिअरिंग सोडल्यापासून घरात माझ्या प्रत्येक वाक्याला हेच उत्तर मिळतं. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी. बाबा स्वतः अल् खुवैरच्या एका कंपनीत सेफ्टी मॅनेजर. शिडी कशी धरावी हे मोठमोठ्या माणसांना शिकवतात.

संध्याकाळी सहाला वर पोचलो तेव्हा वारा तंबूचे खुंटे उपटत होता. माझा स्वेटर अकराव्या वर्षी घेतलेला, बाह्या कोपरापाशीच संपत होत्या. "ताण, लोकर आहे ती," बाबा म्हणाले. बाहेर शेगडी पेटेना. मग त्यांनी ती कोळशासकट तंबूत आणून पेटवली आणि चेन वरपासून खालपर्यंत लावून घेतली.

"बाबा, कोळशाचा गॅस—"

"धूर दिसतोय का कुठे?"

"दिसत नाही, तोच तर घोळ आहे! कार्बन मोनॉक्साइड. माणूस झोपेतच जातो. बंद जागेत—"

"तेवीस वर्षं सेफ्टीत आहे मी. ही बंद जागा नाही. हा तंबू आहे!"



थोड्या वेळाने आई म्हणाली, "डोकं जड झालंय रे. पडते जरा."

"बघ नूतन, ऊब मिळाली की कशी झोप येते," बाबा खूश होऊन आईला म्हणाले.

मी आईला दोन हाका मारल्या. तिने डोळे उघडले नाहीत. मग मात्र मी चेन ओढली, शेगडी लाथेने बाहेर ढकलली आणि आईला धरून गाडीपर्यंत ओढत नेलं. गार वारा लागताच तिने डोळे उघडले आणि ती ओकली. मागे निखारे उडाले, तंबूने पेट घेतला आणि बाबा स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

गाडीत बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य : "मंडळाचा तंबू जाळलास!"

"आई मेली असती! आधी हिला खाली दवाखान्यात न्या!"

"आवाज खाली."

मी स्वाभिमानी माणूस. खाली उतरलो, दार आपटलं आणि वादळाकडे तोंड करून उभा राहिलो. स्वाभिमान साधारण दीड मिनिट टिकला. मग कान गेले, मग बोटं. मी काच ठोठावली.

काच दोन बोटं खाली आली.

"सॉरी म्हण. मग निघू."

"अहो!" आतून आईचा क्षीण आवाज आला. "म्हण रे बाबा. गारठून जाशील."

म्हटलं. वाऱ्यात ऐकू आलं नाही म्हणाले. मग पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

"हं," बाबा म्हणाले. "आता पाय झटकून आत ये. गाडी कालच धुतलीय."