सोनगौरीची पाठवणी

कुरुंदवाडच्या नरगुंदकरांच्या घरची रागिणी सोनगौरी हिने एका रविवारी चहा पिता पिता सांगितलं, की आता तिला उजवावं.

घरची गायिका शरयू तंबोरा जुळवत होती. तिचा हात तिथंच थांबला. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, बशी खाली ठेवली.

"इथं काय कमी पडलं तुला?" त्यांनी विचारलं.

"कमी काही नाही," सोनगौरी म्हणाली. "पण शरयूनंतर मी कुणाच्या गळ्यात राहायचं, तेवढं सांगा."

शरयू पन्नाशीला आली होती, लग्न केलं नव्हतं, पाठीवर भावंड नाही. शिष्य होते, पण सोनगौरी घराबाहेर शिकवायची नाही ही अण्णांच्या वडिलांनी घातलेली शपथ. शिकवायची नाही, पण लग्न करून द्यायला कुणाची आडकाठी? गवयांच्या घरांतून लेकीबरोबर चीजा आंदण जातच होत्या. रीत फक्त एकच, आणि ती कडक. एकदा दिली, की माहेरच्यांनी तिला गायचं नाही.

शरयू अडली ती तिथंच. मिरजेपासून धारवाडपर्यंत जी बोलावणी येत, ती सोनगौरीसाठी. लोक पंचांग बघावं तसं शरयूकडे बघत, हवं तेवढ्यापुरतं, आणि सोनगौरी संपली की चपला शोधायला लागत. ही गेल्यावर आपल्याला हिंग लावून तरी कोण विचारणार, असं तिला वाटलं, आणि वाटलं ते खोटं नव्हतं.

पहिलं स्थळ पुण्याचं, एका प्राध्यापकांचं. ते म्हणाले, आम्ही हिला अगदी जपून ठेवू.

"जपून तर मी इथंही आहे," असं म्हणून सोनगौरी आत निघून गेली.

दुसरं स्थळ शिरोळच्या सातपुत्यांचं. त्यांचा पिढीजात ब्रास बँड. अण्णांचा पारा चढला. "वरातीत नेतील तिला! लोक पुढं नागीण होऊन लोळतील आणि मागं आमची सोनगौरी!"

पण स्थळ आलं म्हटल्यावर पोहे करावेच लागतात. बाबूराव सातपुते आणि त्यांची बायको हौसाबाई येऊन बसले. नवरा मुलगा कोण, हे कुणी विचारलं नाही. रागिणी माणसाला देत नाहीत, घराला देतात.

"जरा चालून दाखीव, बाय," हौसाबाई म्हणाल्या.

सोनगौरी सावकाश वर चढली आणि सावकाश खाली आली. येताना धैवतावर अंमळ थांबली.

"पायात काय दोष?"

"छे हो," शरयू म्हणाली. "तिथं थांबायची तिची ढबच आहे."

"आणि खाण्यापिण्याचं?"

"पंचम घेत नाही."

"उपासाला न्हाई?"

"कधीच नाही."

हौसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आमच्यात समदे घेत्यात. पर हिच्यासाठी येगळं करू. घरात लहानथोर धरून पंचवीस माणसं, एकीचं येगळं करायला कितीसा येळ लागतोय?"

पंचवीस माणसं म्हटल्यावर सोनगौरीने मान वर केली. शरयूने ते पाहिलं आणि ओळखलं, की हिनं घर निवडलं.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात सोनगौरीपाशी जाऊन बसली. "मला सोडून जाशील?"

"तू असताना जाऊ, की तू गेल्यावर?" सोनगौरी म्हणाली. "तू असताना गेले, तर पाठवणी तरी तुझ्या हातची होईल."

शरयूला रडू फुटलं. पदराने नाक पुसत ती बाहेर आली आणि अण्णांना म्हणाली, "सातपुत्यांना होकार कळवा." तिसऱ्या दिवशी अण्णा आचारी ठरवायला गेले.

सोनगौरी संध्याकाळची, म्हणून मुहूर्त गोरज धरला. शरयूने तिची ओटी भरली आणि तिला शेवटचं गायलं. गाऊन झाल्यावर गळा मोकळा लागला, मांडव उतरल्यावर अंगण दिसतं तसा. सगळ्यांत जास्त रडले ते अण्णा. बँडच्या टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारची जागा सोनगौरीला दिली होती. "सांभाळा हो, तिला वाऱ्याचा झोत सोसत नाही," असं सांगत अण्णा पार वेशीपर्यंत गेले.

त्यानंतर शरयूची पहिली बैठक मिरजेला झाली. निमंत्रण जुनं होतं, म्हणून रद्द झालं नव्हतं. ती बसली, तंबोरे लागले, आणि पहिल्या रांगेतून एक म्हातारे कोपरकर वकील म्हणाले, "बाई, सोनगौरी होऊ द्या."

"ती शिरोळला दिली," शरयू म्हणाली.

सभेत जरा कुजबुज झाली.

"अस्सं," वकील म्हणाले. "सासर कसं आहे?"

"माणसं जिवाला जीव देणारी आहेत. पोरं दिवसभर तिच्या मागं मागं असतात."

"वा, वा. बरं झालं. आणि तुम्ही?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. शरयूला खोटं बोलवेना. "घर खायला उठतं," ती म्हणाली.

"उठणारच," मागून एक बाई म्हणाल्या.

वकिलांनी चपला काढून नीट खुर्चीखाली सारल्या आणि खुर्चीतच मांडी घातली. "काहीही गा," ते म्हणाले. "आम्ही बसलो आहोत."

शरयूने षड्ज लावला.