अभ्यासाच्या गोडीचं समान वाटप

सन २००३. कुठलीही चांगली गोष्ट एका जागी साचली की नासते, म्हणून ती वाटून टाकावी, हे तत्त्व शिक्षण खात्याला त्या वर्षी सुचलं.

अंबरनाथ एमआयडीसीजवळच्या एका प्राथमिक शाळेत भिमाबाई चौथीला शिकवत. बाईंना एक खोड होती. शाळा सुटताना त्या फळ्यावर एक प्रश्न लिहीत आणि उत्तर न सांगताच छत्री उचलून चालू लागत. परिणाम गंभीर होते. दुसऱ्या दिवशी पोरं घंटेच्या अर्धा तास आधी दारात. दोघं तर कांजिण्या घेऊन आली (घरी पाठवली, तर खिडकीबाहेर उभं राहून ऐकत राहिली).

जुलैतल्या एका सोमवारी प्रश्न होता : 'रिक्षाला चाकं तीन. मग पुढे एकच का?'

त्या संध्याकाळी स्टँडवरच्या रिक्षांखाली अकरा पोरं सापडली. भगवान रिक्षावाल्यानं आपल्या वैष्णवीचा पाय धरला. "बाहेर ये गं! स्टँडवरचा माझा नंबर आलाय, माणसं खोळंबलीत."

"थांबा ना पप्पा, मागचं चाक बघतेय."

"चाक कुठं पळतंय? पॅसेंजर पळाले ना!"

तक्रार खात्यात गेली. एरवी दोन वर्षं घेणारी समिती दुसऱ्याच दिवशी अहवाल घेऊन हजर. तालुक्यातली अभ्यासाची गोडी दर मुलामागे सरासरी साडेचार टक्के, भिमाबाईंच्या वर्गात एकशे बारा. ही उघड साठेबाजी होती. ही गोडी बेचाळीस शाळांत सारखी वाटता यावी, म्हणून बाईंना वर्गातून उचलून बदलापूरच्या एका सभागृहात 'गोडी-प्रशिक्षक' नेमलं.

"साहेब, वर्गात फक्त एक तास द्या," बाई अधिकारी दौलतरावांना म्हणाल्या. "कालचा प्रश्न तसाच राहिलाय."

"उत्तर लेखी द्या, बाई. तीन प्रतींत. आम्ही पोचवू."

"उत्तर सांगायचं नाहीये. पोरांनी काय शोधलं ते ऐकायचंय."

दौलतरावांनी उत्तराचा छापील नमुना उलटसुलट पाहिला. "ऐकण्याचा रकाना नाही हो ह्यात. अर्ज करा."

बाईंच्या जागी वर्गावर शिपाई हरिचंद्र आला. त्यानं फळा पुसायला फडकं उचललं, पण बाईंचा अर्ज विचाराधीन होता आणि प्रलंबित प्रकरण पुसता येत नाही. फळ्याला दोरी बांधून लाखेचं सील ठोकलं, बाकं उलटी फिरवली. वर्षभरात विचारलेले प्रश्न : शून्य (एक होता, 'पाणी पिऊन येऊ का?', तो धरला नाही).

तिकडे बाईंनी चार वर्षांत शिक्षकांच्या 'गोडी प्राप्त झाली' अशा दोन हजार तीनशे सोळा सह्या घेतल्या. आणि दर महिन्याला त्या एका तासाचा अर्ज केला.

तो २००७ साली मंजूर झाला, निवृत्तीच्या आदल्या दिवशी. बाई आपल्या जुन्या वर्गात गेल्या. ती पोरं कधीच हायस्कूलला गेली होती. पण दोरीच्या खाली, नऊ वर्षांच्या पोरीचा हात पोचेल तितक्या उंचीवर, खडूनं लिहिलेलं होतं : 'बाई, वळताना मागची दोन चाकं सारखीच फिरतात का? – वैष्णवी.'

मंजूर झालेला तास बाईंनी तिथंच जमिनीवर बसून काढला.

दौलतराव बढती घेऊन निवृत्त झाले. हरिचंद्रला शांत वर्गाबद्दल आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला, पुरस्काराचं नाव काढलं की तो अजून लाजतो. वैष्णवीनं बदलापुरात गॅरेज टाकलं; भगवान आपली रिक्षा तिथंच आणतो आणि तिला स्वतःहून म्हणतो, "जरा खाली जाऊन बघ गं." शनिवारी भिमाबाई तिथं स्टुलावर बसून ऐकत असतात. समिती कायम आहे.

राहता राहिले वाचक. फळ्यावरचे दोन्ही प्रश्न तुम्ही वाचलेत, आणि लगेच पुढे कुणाचं काय झालं ते पाहायला निघालात. अभिनंदन. तुमच्या वाट्याची साडेचार टक्के गोडी तुम्हाला वेळेवर पोचलेली दिसते. पोच द्यावी. तीन प्रतींत.