दत्तूकाकांची नॉनस्टॉप गोधडी

आमच्या गल्लीत कुणाचं हाड मोडलं की सगळ्यात आधी दत्तूकाका भेटायला जातात. पेशंटसाठी नव्हे, एक्स-रेसाठी. मागे समोरचे खालिदभाई मोटारसायकलवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये, आणि उशाशी बसून काका विचारतायत, "पाय काय, बसन हळूहळू. पर ह्या फोटोचं तुमी काय करून राहिले?"

खालिदभाईंनी कण्हत कण्हतच फोटो दिला. "लेलो काका. हमारी हड्डी किसी काम तो आयी."

काका एसटीत ड्रायव्हर होते. हिंगोलीत रिटायर झाले आणि गोधड्यांच्या मागे लागले. म्हणजे शिवतात कमलकाकू, काका नक्षी आखून देतात. एक्स-रे धुऊन साफ करायचा, त्यावर वेल काढायची आणि ब्लेडने रेघ कोरायची, की झाला फर्मा तयार. तो गोधडीवर ठेवून फटीतून मैद्याची घट्ट खळ फिरवायची. वाळली की कापडावर रेघ उठून येते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. कोरताना फिल्म अधेमधे जोडलेली ठेवावी लागते, नाहीतर फर्म्याचे तुकडे होतील. तिथं रेघ तुटते, ती काका बोटाने सांधतात.

"एवढा खटाटोप कशाला? खडूने काढा की," मी एकदा म्हणाले.

"खडू पुसते," एवढंच उत्तर.

रेघ एका कोपऱ्यातून निघून, सगळीकडे वळणं घेत, परत त्याच कोपऱ्यात आली पाहिजे हा त्यांचा हट्ट. "डेपोतून निघाली गाडी, डेपोतच लागन. मधी हॉल्ट न्हाई!" रेघ चालू असताना कुणालाही ओ देत नाहीत. एकदा तर खुद्द व्याही दारात ताटकळले, आणि काका त्यांना हाताने 'थांबा' करत होते.

माझ्या लेकीला मुलगी झाली, तेव्हा मऊ पडलेली लुगडी घेऊन मी काकांकडे गेले. म्हटलं, "चार कोपऱ्यांत चार हत्ती काढा."

"सुट्टे? न्हाई जमणार."

"अहो, चार हत्ती काढायला काय तकलीफ?"

"सोंडेत शेपटी धरून चालले तर काढतो. सुट्टे न्हाई म्हंजे न्हाई!"

चांगलंच वाजलं आमचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लुगडी परत आणायला गेले. काका बाजारात गेले होते. काकू ओसरीवर शिवत होत्या, पण तोंड रस्त्याकडे. डाव्या हाताचं बोट खळीच्या रेघेवरून सरकत होतं आणि मागोमाग सुई. मी समोर उभी राहिले.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"मी सुनंदा. काकू, तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड कळते निसता. डॉक्टर काचबिंदू म्हणले. रेघ सलग असली की बोट चालत राहते. सुटली की मी हुडकतच बसते बाई."

"मग काकांचा हट्ट…"

"माझ्यासाठीच हाय तो. हे बोलत न्हाईत, मी बी इचारत न्हाई. शिवणं हातातून गेलं तर मी बसून काय करन, ह्याचं भ्या हाय त्यांना."

तेवढ्यात पिशवी घेऊन काका आले. मला बघून कपाळावर आठी.

"काका, हत्ती रांगेतच चालू द्या," मी म्हणाले.

"काहून? काल तर भांडून राहिली होती."

"लेकीला तसेच आवडतात."

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा गोधडीवर हत्तींची रांग वाळून तयार होती. काकांनी सुया ओवून ठेवल्या, काकूंशेजारी मांडी घातली, त्यांचं बोट धरून पहिल्या हत्तीच्या पायावर टेकवलं.

"हं. हितून."

बोट रेघेला लागलं, तरी काकांचा हात तसाच.

"सोडा आता," काकू हळूच म्हणाल्या, "सुनंदा बघून राहिली."

"बघू दे," काका म्हणाले.