यजमान कुठायत?

बायकांच्या दुखण्यावर आबा डॉक्टर एकट्या बाईला कधी औषध देत नसत. ताप-खोकल्याची गोष्ट वेगळी. पण अंगावर पांढरं जातंय, ओटीपोटात कळा येतात, लघवीला जळजळतं, दिवस राहत नाहीत, असलं काही पदराआडून सांगितलं की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "यजमान कुठायत?"

त्यांचे वडील नाशिकच्या रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगत. मुलगा मुंबईला जाऊन डॉक्टर झाला, पण बोलणं घाटावरचंच राहिलं. औषधाचा घोट म्हणजे आचमन, पथ्य म्हणजे नेम. भद्रकालीतल्या दवाखान्यात दोन स्टुलं अगदी चिकटून मांडलेली असत, त्यांना ते पाट म्हणत. "पूजेला जोडीनं बसता ना? मग औषधाला लाज कसली? एकटीला बरी करून धाडली, की घरी तोच रोग पुन्हा वाट बघत बसलेला!" हे ते रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणत. त्यामुळे गावातले कितीतरी पुरुष त्यांच्या दारावरून जाताना ऊन नसलं तरी छत्री आडवी धरीत.

माझी धाकटी जाऊ शांता लग्न होऊन आली ती हसरी, धडधाकट. वर्षाच्या आत तिचं पोट दुखायला लागलं, बारीक ताप येऊ लागला. मूल काही होईना. अंगारे झाले, उंबराला प्रदक्षिणा झाल्या. शेवटी सासूबाईंनी भाऊजींसाठी सिन्नरची एक मुलगी बघून ठेवली. तेव्हा एका बायकोवर दुसरी करून आणायला कायद्याची आडकाठी नव्हती. शांतेला माहेरी धाडायचं, एवढंच ठरायचं बाकी होतं. ती पोर जेवेनाशी झाली, म्हणून मीच तिला आबांकडे घेऊन गेले आणि सिन्नरचंही त्यांच्या कानावर घातलं.

"यजमान कुठायत?"

आम्ही परत आलो. भाऊजी म्हणाले, "मला काय धाड भरलीय? मी नाही यायचा."

सासूबाईंनी मात्र तोड काढली. बायको हजर नसली की पुरुष कनवटीला सुपारी लावून पूजेला बसतो. बायकोच्या जागी सुपारी चालते, तर नवऱ्याच्या जागी का चालू नये? त्यांनी देवापुढची एक सुपारी शांतेच्या पदराला बांधून दिली. "सांग त्या डॉक्टरला, यजमान आलेत म्हणावं."

आबांनी ती सुपारी दोन्ही हातांनी घेतली, दुसऱ्या स्टुलावर ठेवली आणि कानाला नळी लावून बराच वेळ गंभीरपणे तपासली. "यांची प्रकृती ठणठणीत आहे. आता ते दुसरे पाठवा, धोतरवाले."

शांता खुदकन हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. आबा मात्र हसले नाहीत. हळू आवाजात त्यांनी तिला विचारलं, "लग्नाआधी कधी असं दुखलं होतं?"

"नाही."

"यजमान नोकरीला कुठं?"

"देवळाली कॅम्पात, गोऱ्यांच्या लष्करात. कंत्राटदाराकडे कारकून आहेत."

त्यांनी मान हलवली. मला बाजूला बोलावून म्हणाले, "परम्यासारखा दिसतोय, बाहेरख्यालीतून जडणारा. हा रोग पोरी माहेराहून आणत नाहीत, वहिनी. सिन्नरची आणलीत तर तिचंही हेच होईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा आपणहून आमच्या ओसरीवर येऊन बसले. सासूबाई कपाळाला आठ्या घालून उभ्या, भाऊजी खांबाला टेकलेले, आम्ही दोघी दाराआड.

"माई, दुसऱ्याचं गुपित मला फोडता येत नाही, म्हणून माझं सांगतो," आबा म्हणाले. "माझ्या बायकोला आम्ही वांझ म्हणून येवल्याला भावाकडे धाडली. रोग माझा होता. मुंबईला शिकताना जडलेला. मला माहीत होतं. आई तिला नाही नाही ते बोलत होती आणि मी पुस्तक वाचत बसलो होतो."

भाऊजींनी खुंटीवरची टोपी काढली आणि खाली मान घालून त्यांच्याबरोबर निघाले.

पुढे दोघं शेजारी शेजारी त्या स्टुलांवर बसू लागली. जांभळ्या औषधी पाण्यानं आतून धुणं, सुया, पथ्य, सगळं जोडीनं झालं. शांतेचं दुखणं गेलं. मूल झालं नाही. आत सूज येऊन वाट आधीच बुजली असावी, असं आबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. सासूबाईंनी आपली चूक कधी कबूल केली नाही, पण सिन्नरचं नावही पुन्हा घेतलं नाही. शांता आमच्या घरातच राहिली.

औषध संपलं त्या दिवशी शांतेनं मोठ्या धिटाईनं म्हटलं, "तुमच्या बाईंना आता घरी आणा ना."

"गेलो होतो," आबा म्हणाले. "सगळं सांगितलं. तिनं पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. म्हणाली, हे तुम्ही तेव्हा माझ्या सासूसमोर सांगायला हवं होतं."

मला त्यांची फार दया आली. तिची त्याहून जास्त आली.